रोमन सैनिक बघायचा तर आधी त्याचा बूट बघा: विंडोलँडाच्या पहिल्या भेटीसाठी

उत्तर इंग्लंडमधल्या मराठी घरांत मे महिना लागला की पुण्या-साताऱ्याहून आई-बाबा मुक्कामाला येतात. एडिंबरा होतं, लेक डिस्ट्रिक्ट होतं, आणि मग रात्री जेवताना विषय निघतो, आता कुठे जायचं? मी न्यूकॅसलजवळ राहते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: विंडोलँडा. रोमन बादशहा हेड्रियनने सरहद्दीवर बांधलेल्या भिंतीपासून दक्षिणेला साधारण दीड किलोमीटरवर रोमन लष्कराचं हे ठाणं आहे आणि त्याच्या आवारातच संग्रहालय आहे. रोमन सैनिक काय खायचा, पायात काय घालायचा, घरून त्याला काय यायचं, हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

पण नुसतं तिथे जाऊन पोचलं की झालं, असं नाही. तयारीशिवाय गेलेला माणूस पडक्या इमारतींच्या दगडी पायांच्या रांगा बघतो, चिलखतापुढे फोटो काढतो आणि चहा पिऊन परततो. पहिल्या फेरीत माझंही तसंच झालं. तलवारी आणि भाल्यांत दीड तास गेला, आणि सैनिकांच्या काळातल्या, लाकडावर लिहिलेल्या पत्रांपर्यंत पोचले तेव्हा संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती. त्यानंतर पाहुण्यांना घेऊन सात-आठ वेळा गेले. त्यातून जो क्रम बसला तो इथे देते आहे.

पहिली पायरी: जाण्याआधीची एक संध्याकाळ

तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करून घ्या, म्हणजे तिथल्या पाट्या वाचताना अडखळायला होत नाही.

पहिली गोष्ट, रोमन सैनिक म्हणजे रोम शहरातला माणूस नव्हे. सैन्याचे दोन मोठे भाग होते. एक लीजन. त्यात रोमन नागरिक असलेलेच भरती होत, आणि एका लीजनमध्ये सुमारे ५००० माणसं असत. दुसरा भाग साहाय्यक पलटणींचा. त्यांत जिंकलेल्या प्रदेशांतले लोक घेत. त्यांनी २५ वर्षं नोकरी केली की नागरिकत्व मिळे, आणि त्याचा पुरावा म्हणून पितळी-कांस्य पत्र्यावर कोरलेली सनद. विंडोलँडाला राहिले ते प्रामुख्याने हे दुसरे. बटावी म्हणजे आजच्या नेदरलँड्समधले, तुंग्री म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातले. त्यांतल्या बहुतेकांनी रोम शहर कधी पाहिलंही नसेल.

दुसरी गोष्ट काळाची. इथलं पहिलं ठाणं इ.स. ८५ च्या सुमारास उभं राहिलं. हेड्रियनची भिंत बांधायला सुरुवात झाली १२२ मध्ये. म्हणजे इथे सापडलेली प्रसिद्ध पत्रं लिहिणाऱ्यांनी, थोडे सोडले तर, भिंत पाहिलेलीच नाही. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचा काळ चालू होता. कार्ल्याचं आणि नाशिकचं लेणं पाहिलेल्या माणसाला एवढं सांगितलं की काळाचा अंदाज लगेच येतो.

तिसरी गोष्ट आकड्यांची. आठ जण एका खोलीत किंवा एका तंबूत राहत. अशा दहा टोळ्या मिळून ८० माणसांची एक सेंच्युरी. नावावरून १०० वाटतात, पण ८०. तिच्यावरचा अधिकारी सेंच्युरियन. अशा सहा सेंच्युरी मिळून ४८० जणांची एक कोहॉर्ट. काही कोहॉर्ट याहून मोठ्या असत.

मग पत्रं. हे मात्र टाळू नका. १९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथल्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या. पोस्टकार्डाएवढ्या, रंधा मारल्यावर निघणाऱ्या साली असतात तशा, आणि त्यांवर शाईने लिहिलेलं. जुनं लाकडी ठाणं पाडून, वर मातीचा आणि गवताच्या ढेकळांचा थर देऊन त्यावर नवं बांधायचं, असं इथे पुन्हा पुन्हा झालं. त्यामुळे खालच्या थरांत हवा पोचलीच नाही आणि लाकूड, चामडं, कापड कुजायचं राहिलं. ही पत्रं इंग्रजी भाषांतरासह ‘रोमन इन्स्क्रिप्शन्स ऑफ ब्रिटन’ या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. प्रत्येक पत्राला क्रमांक आहे. १५४, १८४, २९१, ३४३, ३४४, ३४६ आणि ६२८ एवढी सात वाचून गेलात तरी पुष्कळ. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी पायरी: लंडनला उतरत असाल तर

पाहुणे लंडनमार्गे येणार असतील तर ब्रिटिश म्यूझियममधल्या ४९ क्रमांकाच्या दालनात तासभर घालवा. दालनाला तिकीट नाही. विंडोलँडाची बहुतेक पत्रं या म्यूझियमकडेच आहेत, मूळ जागी थोडीच. २०११ पासून काही पत्रं मूळ जागी प्रदर्शनासाठी परत दिली गेली आहेत, आणि पुढे सापडलेलीही तिथे आहेत. पण २९१ क्रमांकाचं पत्र, एका बाईने मैत्रिणीला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण, लंडनलाच. त्याच दालनात रिबचेस्टर गावात सापडलेलं मुखवट्यासकटचं कांस्य शिरस्त्राण आहे. ते लढाईचं नव्हे, घोडेस्वारांच्या कवायतींत मिरवायचं, हे लक्षात ठेवून बघा.

लंडन वाटेत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. खरा ऐवज उत्तरेतच आहे.

तिसरी पायरी: प्रवास, आणि हेक्सॅमला उतरा

न्यूकॅसल ते कार्लाइल रेल्वेमार्गावर हेक्सॅम, बार्डन मिल आणि हॉल्टव्हिसल ही स्थानकं लागतात. नकाशात बार्डन मिल सगळ्यात जवळचं दिसतं, पण तिथून विंडोलँडापर्यंत तीनेक किलोमीटर चढ आहे. आई-बाबांबरोबर तो चढायचा नाही. उन्हाळी हंगामात भिंतीच्या कडेने एक बस धावते, तिचा क्रमांकच एडी १२२, भिंतीचं साल. ती हेक्सॅमहून मिळते. गाड्या थोड्या असतात आणि हिवाळ्यात त्याही मिळतीलच असं नाही, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा, आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून घ्या. डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच मिटला.

तिकीट काढताना विंडोलँडा आणि रोमन आर्मी म्यूझियम या दोन्ही ठिकाणांचं एकत्र काढा. दोन्ही जागा विंडोलँडा ट्रस्ट नावाची स्वतंत्र संस्था चालवते, त्यामुळे इंग्लिश हेरिटेजचं किंवा नॅशनल ट्रस्टचं कार्ड इथे चालेल असं धरून निघू नका. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्याही आधी बघून घ्या.

बरोबर काय न्यायचं? वाऱ्याचं जाकीट, जूनमध्येसुद्धा. छत्री नको, उलटी होते. तळवा घट्ट धरणारे बूट. दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा. संग्रहालयाजवळ कॅफे आहे, पण वर ठाण्यात फिरताना मध्येच भूक लागते.

आता माझा आग्रह. रेल्वेने जात असाल तर हेक्सॅमला एक तास राखून ठेवा आणि स्थानकापासून चालत ॲबीत जा. मोठं जुनं चर्च आहे. आत एक उंच दगड उभा आहे, माणसाच्या उंचीहून मोठा. घोड्यावर बसलेला एक तरुण, शिरस्त्राणावर तुरा, हातात निशाण, आणि घोड्याच्या मागच्या पायांशी दबा धरून वाकलेला एक दाढीवाला उघडा माणूस. हा फ्लाविनुसचा थडग्याचा दगड. रोमन कोरीव लेख वाचायला शिकायचा तर याच्याइतका चांगला धडा नाही, कारण मजकूर लहान आहे आणि जवळजवळ सगळी नेहमीची रूपं त्यात आहेत.

असा वाचा. पहिले दोन शब्द, दिस मानिबुस: ‘मृतात्म्यांच्या देवतांना’. पुढच्या काळातल्या दगडांवर याची नुसती डी आणि एम ही दोन अक्षरं राहतात, आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ यावी तितक्या सवयीने. दगडावर डी एम दिसलं की समजायचं, हा थडग्याचा दगड आहे. मग नाव, फ्लाविनुस. मग ‘ईक्यू’, म्हणजे एक्वेस, घोडेस्वार. ‘अलाए पेट्र’, पेट्रियाना नावाच्या घोडदळ पलटणीचा. सिग्निफर, म्हणजे निशाण धरणारा. ‘तुर कांदिदी’, कांदिदुसच्या तुकडीतला. त्यानंतर ‘ए एन’ आणि आकडा, एक्स एक्स व्ही: वय २५. ‘स्टिप’ आणि आकडा, व्ही आय आय: नोकरी ७ वर्षं. शेवटी एच एस: इथे पुरला आहे.

आता पंचवीसातून सात वजा करा. अठराव्या वर्षी भरती झालेला पोरगा. रोमन सैनिकाच्या कुठल्याही दगडापुढे ही वजाबाकी करायची सवय लावून घ्या. ‘ए एन’ शोधा, ‘स्टिप’ शोधा, वजा करा. मुलांना हे फार आवडतं. माझी नऊ वर्षांची मुलगी आता कुठल्याही संग्रहालयात आधी ‘स्टिप’ शोधते.

देवांच्या वेदीचे दगड वेगळे. त्यांच्या तळाशी बहुधा व्ही एस एल एम अशी चार अक्षरं असतात. त्या चार अक्षरांत एक अख्खं लॅटिन वाक्य दडलेलं आहे, आणि मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही: बोललेला नवस आनंदाने फेडला, देवाचं देणं होतं ते. हे सांगितल्यावर आईने वेदीपुढे चप्पल काढली होती.

चौथी पायरी: ठाण्यात फिरताना

विंडोलँडाचं आवार उतारावर आहे. मुख्य फाटकातून आत गेलं की आधी गाव आणि ठाण्याचे अवशेष लागतात, मग वाट खाली दरीत उतरते, ओढ्याकाठी बागेत संग्रहालय. म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना घेऊन जात असाल तर फाटकावरच विचारा, संग्रहालयाच्या बाजूने आत जाता येईल का. लाजू नका, तिथले लोक मनापासून मदत करतात.

वर दिसतात त्या दगडी भिंती नंतरच्या, मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या ठाण्याच्या. पत्रांच्या काळातली लाकडी ठाणी त्यांच्या खाली, काही ठिकाणी काही मीटर खोल. एकावर एक अशी नऊ ठाणी इथे झाली. ही गोष्ट ठाऊक नसेल तर माणूस दगडांत पत्रांतल्या लेपिदिनाचं, म्हणजे तेव्हाच्या ठाणेदाराच्या बायकोचं, घर शोधत बसतो.

बराकींपाशी थांबा. दोन लहान खोल्यांचा एक संच, पुढची खोली सामानाची आणि मागची झोपायची. आपल्यातल्या आठ जणांना त्या मागच्या खोलीच्या पायात उभं करा. खरंच उभं करा. आम्ही एकदा तीन कुटुंबं मिळून गेलो होतो तेव्हा केलं. खांद्याला खांदा लागला, आणि ओली घोंगडी, चुलीचा धूर, आठ जणांचे बूट या सगळ्याची कल्पना न सांगता आली.

त्यानंतर ठाणेदाराच्या घराची जागा बघा. एकट्या कुटुंबाला केवढी जागा! सैनिकाला नोकरीत असेपर्यंत कायदेशीर लग्न करता येत नसे. हा नियम सेप्टिमिउस सेवेरुस बादशहाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सैल केला. अधिकाऱ्याला मात्र बायकामुलं बरोबर आणता येत. बाकीच्यांच्या बायका आणि पोरं तटाबाहेरच्या गावात राहतात असं पूर्वी मानत. पण बराकींमध्ये बायकांच्या आणि मुलांच्या मापाचे बूट सापडले, आणि ते चित्र बदललं.

उन्हाळ्यात गेलात तर उत्खनन चालू असतं. खणणारे बरेच जण स्वयंसेवक असतात. दोरीपलीकडे उभं राहून विचारलं तर सांगतात. ‘आज काय निघालं?’ एवढंच विचारा. एकदा एका आजोबांनी ओंजळीत धरून नुकताच निघालेला एक चामड्याचा तुकडा आम्हाला लांबून दाखवला होता. ओला, काळा, आणि शिलाईची भोकं एकसारख्या अंतरावर.

पाचवी पायरी: संग्रहालयात आधी बूट

आत शिरल्यावर शस्त्रांकडे पाय वळतील, त्यांना आवरा. आधी बुटांची भिंत.

विंडोलँडाला ५००० हून जास्त चामडी पादत्राणं सापडली आहेत. तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले सैनिकी बूट, घरात घालायच्या सपाता, लाकडी तळव्याच्या हमामखान्यातल्या खडावा, आणि अजून चालायला न लागलेल्या बाळाचे इवले बूट. तळव्यांवरच्या खिळ्यांची झीज बघा. टाच एका बाजूने जास्त झिजलेली असते, आपल्या जुन्या चपलेसारखी. त्यावरून तो माणूस पाय कसा टाकायचा ते दिसतं. (शेजारच्या मॅग्ना ठाण्यात २०२५ मध्ये ३२ सेंटिमीटरहून लांब एक बूट निघाला. एवढ्या मोठ्या पायाचा धनी कोण असेल, या विचाराने मी दोन दिवस अस्वस्थ होते.)

या सगळ्यांत एक बाईची चप्पल आहे. तळवा नाजूक, टाचेशी कमी रुंद, त्यावर पानाफुलांचे छाप, आणि मधोमध कारागिराचा शिक्का: लुकिउस एबुतिउस थालेस, तितुसचा मुलगा. बोटांमधला अंगठा तुटलेला. कोल्हापुरी वापरलेल्या कुणालाही कळेल, चप्पल नेमकी तिथेच तुटते. ठाणेदार फ्लाविउस केरिआलिस याच्या घरातली ही महागाची चप्पल, म्हणून ती त्याच्या बायकोची, सुल्पिकिया लेपिदिनाची असावी असं मानतात. दुरुस्त न करता टाकून दिली, आणि म्हणून आपल्याला बघायला मिळाली.

याच लेपिदिनाला आलेलं ते पत्र, क्रमांक २९१. क्लाउदिया सेवेरा, शेजारच्या एका ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको, इ.स. १०० च्या आसपास लिहिते की ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू आलीस तर दिवस जास्त आनंदाचा होईल. माझा एलिउस आणि छोटा मुलगा तुला नमस्कार सांगतात. एवढा मजकूर लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे. पण खाली उजवीकडे अक्षर बदलतं. थोडं वाकडं, जोर देऊन काढलेलं: ‘मी वाट बघते गं ताई. येते, माझ्या जिवलगे.’ हे सेवेराने स्वतःच्या हाताने लिहिलं. बाईने स्वतः लिहिलेल्या लॅटिनचा हा सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक. मूळ लंडनला आहे, पण फोटोतही तो अक्षरातला बदल स्पष्ट दिसतो. तो मुद्दाम शोधा.

संग्रहालयात पत्रांपुढे उभं राहिलात की सुरुवातीला काहीच वाचता येणार नाही. तेव्हाची चालती लिपी लॅटिन शिकलेल्यांनाही सहज लागत नाही. बरीच अक्षरं साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत, अवरक्त किरणांच्या छायाचित्रांत उमटतात. त्यामुळे काचेतला तुकडा, शेजारचं छायाचित्र आणि भाषांतर हे तीनही आळीपाळीने बघायचं. घाई केली तर फक्त काळपट लाकूड दिसतं.

आता १५४. मी बाबांना घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी जेमतेम. पहिल्या तुंग्री कोहॉर्टचा १८ मेचा हजेरी अहवाल मी त्यांना ओळ ओळ सांगत होते. एकूण ७५२, त्यांत सेंच्युरियन ६. बाहेर गेलेले ४५६, त्यांतले ३३७ कोरिया इथे, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला. हजर २९६, सेंच्युरियन एकच. हजर असलेल्यांत आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला धड २६५. माझं संपायच्या आधीच ते म्हणाले, ‘ही परेड स्टेट आहे. रोज सकाळी आम्हीच भरायचो.’ मग त्यांनी मनातल्या मनात बेरीज तपासली, आणि बरोबर आहे म्हणून मान डोलावली. सैन्यात नोकरी केलेलं कुणी घरात असेल तर त्यांना या अहवालापुढे नक्की उभं करा, आणि आपण गप्प राहून ऐका.

बाकीची पत्रं भराभर सांगते, घरी वाचून गेलात की तिथे नुसती ओळख पटेल. ६२८ मध्ये घोडदळाच्या तुकडीचा प्रमुख मास्क्लुस विचारतो की उद्या आम्ही काय करायचं ते कळवा, आणि शेवटी घालतो, माझ्या साथीदारांकडे बिअर नाही, पाठवायची व्यवस्था व्हावी. २०१७ च्या उत्खननात त्याचंच आणखी एक पत्र मिळालं, त्यात रजेची गोष्ट आहे. ३४६ मध्ये कुणीतरी कुणाला तरी पायमोजे, चपलांचे दोन जोड आणि आतले दोन कपडे पाठवल्याचं लिहितं. दोघांचीही नावं हरवली आहेत, पार्सल तेवढं शिल्लक आहे. ३४३ मध्ये ऑक्टाविउस नावाचा व्यापारी पैसे पाठवा म्हणून घायकुतीला आला आहे, नाहीतर दिलेला विसार बुडेल. कातडी आणायला आधीच गेलो असतो, म्हणतो, पण रस्ते खराब आहेत. आणि १८४ मध्ये सैनिकांच्या खरेदीच्या यादीत तप्पोचा मुलगा गांबाक्स याच्या नावावर मिरी, दोन दिनार. ही मिरी तेव्हा केरळच्या किनाऱ्यावरूनच यायची. पावसाळी वाऱ्यांवर समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवर नाईलपर्यंत, मग अलेक्झांड्रिया, मग सगळं साम्राज्य ओलांडून या थंड टेकडीवर. एक साधा सैनिक पगारातून ती विकत घेत होता.

३४४ बद्दल थोडं सावकाश

संग्रहालयं सैनिकाचं माणूसपण दाखवतात, आणि ते दाखवायलाच हवं. पण बिअर आणि पायमोजे वाचता वाचता आपण एक गोष्ट विसरतो. हे सैन्य दुसऱ्याच्या मुलुखात बसलेलं होतं. ३४४ हे तक्रारपत्र आहे. लिहिणारा एक व्यापारी, स्वतःला समुद्रापलीकडचा आणि निर्दोष म्हणवतो. त्याला रक्त निघेपर्यंत छड्या मारल्या आहेत, त्याचा माल वाया गेला आहे, आणि तो थेट वरच्या दरबारी, बहुधा खुद्द हेड्रियनकडे, दाद मागतो आहे. खालच्या अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही, हेही त्यात आहे. तो स्वतःला ‘समुद्रापलीकडचा’ का म्हणतो याचा विचार करा. इथल्या स्थानिकांना असा मार बसला तर त्यात विशेष काही नव्हतं, असा त्याचा अर्थ निघतो. दुसऱ्या एका तुकड्यावर, क्रमांक १६४, स्थानिक लोकांना ‘ब्रितुंकुली’ म्हटलं आहे, तुच्छतेने केलेलं लहान रूप.

आता हेक्सॅमचा फ्लाविनुस पुन्हा आठवा. घोड्याखालच्या त्या दाढीवाल्याचं नाव दगडावर कुठेच नाही.

मुलं बरोबर असली तरी हा भाग वगळू नका. आपली मुलं इंग्रजांच्या राज्याच्या गोष्टी आजीकडून ऐकलेली असतात, त्यांना हे बरोबर कळतं.

सहावी पायरी: शस्त्रं आणि रोमन आर्मी म्यूझियम

जेवण झाल्यावर गाडीने किंवा त्याच बसने पश्चिमेला, ग्रीनहेड गावाजवळच्या रोमन आर्मी म्यूझियमला या. इथे भरती, कवायत, हत्यारं, पगार हे सगळं क्रमाने मांडलं आहे आणि भिंतीवरून उडत नेणारा एक त्रिमिती चित्रपट आहे. मुलं दमलेली असतात तेव्हा तो कामी येतो. सगळं संग्रहालय बघायला तासभर पुरतो.

चिलखतांत एवढंच ओळखा. पोलादी पट्ट्या जोडून केलेलं ते पट्ट्यांचं चिलखत. लहान कड्या गुंफून केलेलं ते साखळीचं, आपल्याकडच्या जिरेबख्तरातल्या बख्तरासारखं. मोठी वक्र आयताकृती ढाल लीजनवाल्यांची, चपटी लंबगोल ढाल बहुधा साहाय्यक पलटणींची. मघाशी सांगितलेले बटावी आणि तुंग्री डोळ्यांपुढे आणायचे तर साखळीचं चिलखत आणि लंबगोल ढाल घेतलेले आणा. चित्रपटांत दिसतो तो लाल झगा आणि पट्ट्यांचं चिलखत घातलेला एकसारखा सैनिक विंडोलँडाच्या बराकीत बसत नाही.

आणखी दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश नको, शाई आणि चामडं दोन्ही नाजूक आहेत. काचेवर हात टेकवू देऊ नका. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर विंडोलँडाला किमान तीन तास धरा. पाऊस आला तर आधी संग्रहालय करा, ठाणं नंतर. इथला पाऊस तासाभरात उघडतो, आणि ओल्या दगडांवर कोवळं ऊन पडलं की खोल्यांच्या रेषा जास्त उठून दिसतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

न्यूकॅसलहून मेट्रोने साउथ शील्ड्सला जा. तिथे नदीच्या मुखाशी आर्बिया नावाचं रोमन ठाणं आहे. तेही हंगामातच उघडं असतं, म्हणून दिवस बघून जा. आतल्या लहानशा संग्रहालयात रेगीना नावाच्या बाईचा थडग्याचा दगड आहे. वेताच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर लोकर गुंडाळायची काठी आणि टकळी, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसऱ्या हाताने दागिन्यांची पेटी उघडते आहे. चेहरा फुटलेला.

हेक्सॅमला शिकलात तसं वाचा. डी एम. रेगीना, जातीने कातुवेल्लौनी, म्हणजे दक्षिण ब्रिटनमधल्या एका टोळीची. वय ३०. दगड उभारणारा बारातेस, सीरियातल्या पाल्मायराचा. ती आधी त्याची दासी होती, त्याने तिला मुक्त केलं आणि लग्न केलं. लॅटिनमध्ये चुका आहेत, ती त्याची भाषा नव्हती. पण त्याखाली आणखी एक ओळ आहे, उजवीकडून डावीकडे जाणारी, वळणदार, सफाईने कोरलेली. ती पाल्मायराच्या लिपीत आहे. त्या ठाण्यात ती वाचू शकणारे फारच थोडे असतील. तिच्यात वय नाही, टोळी नाही. एवढंच आहे: ‘रेगीना, बारातेसने मुक्त केलेली, हाय.’